बंदोबस्ताला जाण्याआधी लाठीबद्दल एवढं ऐक

भावा, नवीन भरती झालायस म्हणून कळकळीनं सांगतो, लाठी खांद्याच्या वर उचलूच नकोस, कारण वरून आलेला फटका गर्दीत डोक्यात नाहीतर मानेवर बसतो आणि माणूस जिवानिशी जातो. वेळ आलीच तर मांडी, पोटरी, बास. पळणाऱ्याच्या मागे लागायचं नाही, पांगला म्हणजे काम झालं.

बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १४८ वाच, पांगायचा हुकूम आधी द्यावा लागतो आणि तो कार्यकारी मॅजिस्ट्रेट, ठाण्याचे प्रभारी किंवा ते नसतील तर पीएसआय आणि वरचे साहेब देतात, शिपायानं मनानं सुरू करायचं नसतं.

माझ्या पहिल्या विसर्जनाला घामेजल्या हातानं अगदी टोकाला धरली होती, एकानं ओढली आणि गेली! तेव्हापासून पकड टोकापासून वीतभर आत, दुसरा हात मध्याजवळ, आडवी धरून नुसतं मागे रेटायचं, बहुतेक वेळा तेवढ्यानंच भागतं.