त्याला झोप लागली होती

अरे बाळा,

तुझं पत्र परवा मिळालं. सोबत कमिटीने तयार केलेला नमुना मजकूरही मिळाला. तो वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर ते तुला नाही, त्यांनाच लागलं असतं.

ज्याच्या कीर्तनाला तू पखवाज वाजवायचास त्या तुझ्या मित्राच्या वर्षश्राद्धाला स्मरणिका निघतेय, पहिला लेख तुझा, आणि लिहायला बसलं की ‘काळाने झडप घातली’ या वाक्यापुढे हात सरकत नाही, असं तू कळवलंयस. हात सरकत नाही हे बरंच आहे. ज्यांचा सरकतो त्यांनी काय लिहिलंय ते बघ: ‘पांडुरंगाला त्याच्या सेवेची घाई झाली.’ ‘माउलींनीही एकविसाव्या वर्षीच देह ठेवला.’ ‘आळंदीत शिक्षण घेतलेले तरुण कीर्तनकार.’

तिन्ही खोटं आहे. शेवटचं आधी निकालात काढतो. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत जायचं त्याच्या फार मनात होतं. चार वर्षांचा अभ्यास, आणि घरची शेती बघायला दुसरं कोणी नाही, म्हणून राहून गेलं. तो शिकला तो गावातल्या म्हाताऱ्या विणेकऱ्याजवळ बसून आणि मोबाइलवर जुनी कीर्तनं ऐकून. ही गोष्ट त्याला सलत होती. कुणी ‘कुठले?’ विचारलं की तो क्षणभर फेटा सारखा करायचा, मग उत्तर द्यायचा. त्याला न मिळालेलं शिक्षण मेल्यावर त्याच्या अंगावर चढवू नका. तो नसताना त्याच्या तोंडून खोटं वदवल्यासारखं होईल.

आता ‘घाई झाली’चं. पांडुरंगाला कसली घाई? युगे अठ्ठावीस उभा आहे तो. घाई दोन गावांच्या सप्ताह कमिट्यांना होती. एकीकडे रात्री नऊ ते अकरा कीर्तन, दुसरीकडे सकाळी काल्याचं, आणि मध्ये पंच्याहत्तर किलोमीटरचा रस्ता. त्याआधी दिवसभर कंपनीत पाळी. आदल्या रात्रीही जागर झालेला. साडेबाराला तो दुचाकीवर निघाला. रस्त्यावर ब्रेकचा व्रणसुद्धा नव्हता, हे तूच लिहिलंयस. म्हणजे त्याला झोप लागली होती. हे चार शब्द स्मरणिकेत यायलाच हवेत. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल, पण हे लिही.

‘मी त्या रात्री मागे बसलेला असतो तर बोलत राहिलो असतो,’ असं तू म्हणतोस. असतास, तर बोलला असतास. कदाचित तो वाचला असता, कदाचित दोघंही गेला असता. तुला ताप होता म्हणून तू गेला नाहीस. यावर मी तुझी समजूत घालणार नाही, कारण माझी कुणी घातलेली मला कधी पटली नाही. पण तुझ्या पश्चात्तापापायी बाकीच्यांचा हिशेब सोडू नकोस. त्याला गाडी करून द्या, भाडं आम्ही भरतो, असं एकाही कमिटीने का म्हटलं नाही? मंडपाला पैसे होते, साऊंडला होते, फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे फोटो छापायला होते.

आणि तोही कमी हट्टी नव्हता. कीर्तन करावं तिथे अन्न घेऊ नये, कपाळी बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, हा तुकोबांचा दंडक त्याने शब्दशः धरला होता. आजच्या काळात असा पोरगा भेटत नाही. माझ्या डोळ्यांदेखत त्याने मानधनाचं पाकीट परत केलं होतं, आणि ते करताना समोरच्याला ओशाळं वाटू नये म्हणून हसला होता. त्याच्या श्रद्धेपुढे मी वयाने मोठा असून लहान वाटायचो. पण रात्री अकरा वाजता उपाशीपोटी, डब्यातली वाळकी भाकरी रस्त्याच्या कडेला खाऊन निघणाऱ्या पोराला ‘केवढा निःस्पृह’ म्हणून नमस्कार करणारे आपण सगळे कोण? त्याची निःस्पृहता आपल्याला स्वस्तात पडत होती. हेही लिही. कमिटी छापणार नाही म्हणशील. तू लिही तर आधी.

राहिले माउली. ही तुलना ऐकली की माझं डोकं फिरतं. शके १२१८, म्हणजे १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशी. माउलींनी समाधी घेतली. सगळ्यांना सांगून, निरोप घेऊन, थोरल्या भावाच्या हाताने आसनावर बसून घेतली. आपल्या पोराने काही घेतलं नाही. त्याला झोप लागली. त्याला पुढच्या महिन्यात बहिणीसाठी स्थळ बघायला जायचं होतं.

आणि माउलींचंच नाव घ्यायचं तर नीट घ्या. त्या दिवसाचं वर्णन नामदेवांच्या अभंगांत आहे. कमिटीतल्या एकाने तरी ते सबंध वाचलेत का विचार. तिथे ‘देवाची इच्छा’ म्हणून कोणी डोळे पुसून मोकळं होत नाही. निवृत्तिनाथ, ज्यांनी उपदेश दिला, जे गुरू, तेच कोसळतात. बांधलेल्या तळ्याचा पाट फुटून पाणी बारा वाटांनी जावं, पेंढीचा आळा सुटून गवत रानोमाळ पांगावं, असं ते दुःख तिथे मांडलंय. प्रत्यक्ष माउलींच्या समाधीला आपल्या लोकांनी एवढं रडून घेतलं, आणि तुम्हाला एका पंचविशीतल्या पोराच्या अपघाताला रडायची लाज वाटते?

‘मला विठ्ठलाचाही राग येतो, हे लिहिलं तर चालेल का,’ असं तू विचारलंस. जनाबाईने त्याला काय काय म्हटलंय ते तू स्वतः पखवाजावर वाजवलं आहेस. त्याला सवय आहे.

आता तू पत्राच्या शेवटी, बारीक अक्षरात, दोनदा खोडून जे लिहिलंस त्याकडे येतो. तुमचं भांडण. एका गावात त्याने पाकीट परत केलं आणि तू मागच्या दाराने आपलं घेतलंस. तुला घेणं भाग होतं, घरी आई आजारी. त्याला कळलं तेव्हा तो तुला सगळ्यांसमोर ‘भाडोत्री’ म्हणाला. तीन आठवडे तुम्ही बोलला नाहीत. आणि मग पुढच्या कार्यक्रमाला तो तुझ्या आधी येऊन बसला होता, मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावायची कणीक, त्याने स्वतः मळलेली. पखवाज गवसणीतून काढायच्या आत त्याने डबा पुढे केला आणि एवढंच म्हणाला, ‘पाणी जास्त पडलंय का बघ.’ जास्तच पडलं होतं. धुमेवर ती कणीक बसेना, तू निम्मी काढून टाकलीस, आणि मग तो पहिल्यांदा हसला.

अरे, हे सोडून तू ‘तेजस्वी वाणी’, ‘अमोघ वक्तृत्व’ शोधत बसला होतास? चार पानं खोडलीस ती यासाठी?

‘भांडण लिहिलं तर त्याची प्रतिमा मलिन होईल.’ हे वाक्य तुझं नाही, कुणाचं तरी ऐकून लिहिलंयस. ताटीचे अभंग आठव. लोकांच्या बोलण्याने दुखावून माउली रागाने ताटी लावून आत बसले, आणि धाकटी मुक्ताई बाहेरून समजूत घालत राहिली. सातशे वर्षं आपण ते गातो. माउली रुसले होते, हे वारकऱ्यांनी झाकलं नाही, अभंगात ठेवून दिलं. ज्ञानेश्वरांचा रुसवा चालतो आणि तुझ्या मित्राचं एक वेडंवाकडं बोलणं चालत नाही, एवढे मोठे कधीपासून झालो आपण?

मी एवढा चिडून का लिहितोय ते सांगतो. आमच्यातला एक असाच गेला. चाळीस वर्षं होऊन गेली, तो चोविसाचा होता. चाल लावायला उभा राहिला की टाळकरी आपोआप सरळ उभे राहायचे, असा गळा. कीर्तनात पावली खेळता खेळता तो मध्येच खाली बसायचा. चेहरा पांढरा, ओठ निळसर, डोळे मिटलेले. लोक म्हणायचे, भाव लागला. बायका येऊन पायांवर डोकं ठेवायच्या. मला खरं ठाऊक होतं. दिवे घाट चढताना तो तीन वेळा थांबला होता. तिसऱ्यांदा रस्त्याच्या कडेला बसून म्हणाला, ‘छातीत कबूतर फडफडतंय रे. कुणाला सांगू नकोस, वारीतून परत पाठवतील.’ आणि शपथ घातली.

लहानपणी त्याचे सांधे सुजले होते, ताप आला होता. त्या तापाने हृदयाची झडप खराब झाली होती. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं ठरलं होतं. ते फार दुखतं, दोन दिवस बसवत नाही, म्हणून त्याने सोडून दिलं होतं. हे डॉक्टरांनी आम्हाला तो गेल्यावर सांगितलं.

त्याची स्मरणिका मी लिहिली. वाक्य अजून पाठ आहे: ‘नामस्मरणात त्याचे देहभान हरपत असे.’ सगळ्यांना फार आवडलं. दोन कीर्तनकारांनी ते पुढे वापरलं.

मी तेव्हा त्याच्याच वयाचा होतो. त्याच्या आईला काय सांगायला हवं होतं मी? तुमचा मुलगा देवात रमत नव्हता, त्याला श्वास पुरत नव्हता, असं? तिच्याजवळ तेवढंच एक उरलं होतं. शपथ मी घातली नव्हती, त्याने घातली होती. आणि मी घाटातच बोंब मारली असती तरी तो परत फिरला असता का? नसता. आणखी काय म्हणायचं ते मला सुचत नाही, आणि हेही मी गेली चाळीस वर्षं याच क्रमाने म्हणतोय.

पण एक झालं. त्या वाक्याने माझा मित्र माझ्याकडूनच गेला. मला आता त्याचा चेहरा आठवायला बसलं की आधी ते छापील वाक्य येतं, मागून तो येतो, फुलांच्या हारात. घाटातला, घामाने भिजलेला, कबुतराचं सांगणारा येतच नाही पटकन. आणि त्या गावात नंतरही पोरांचे घसे धरले, सांधे सुजले, पण त्याचा हृदयाशी काही संबंध असतो हे स्मरणिका वाचून कुणाला कळणार होतं? त्याची धाकटी बहीण गेल्या आषाढीला भेटली. केस पांढरे झालेत आता तिचे. म्हणाली, ‘दादाला खरंच भान राहायचं नाही का हो? तुम्ही तर जवळ असायचात.’ मी हो म्हणालो. या वयात, तिच्या तोंडावर, परत एकदा.

तेव्हा तू मला ‘कसं लिहू’ विचारू नकोस. काय झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. साडेबारा वाजले होते ते लिही. पाळी करून आला होता ते लिही. झोप लागली होती ते लिही. ‘भाडोत्री’ लिही, तुझं पाकीटही लिही, स्वतःला वगळून त्याच्यावर लिहायला जाशील तर परत ‘तेजस्वी वाणी’वर येशील. त्याची श्रद्धा वेगळी सांगायची गरज नाही. डबा मांडीवर घेऊन बसलेला माणूस वाचणाऱ्याला दिसला की ती दिसेल.

आणि कीर्तनाआधी पाच मिनिटं बोलायला सांगितलंय त्याबद्दल: बोलू नकोस. पखवाज घेऊन बस. बोलायचंच झालं तर एवढंच बोल, की पुढच्या वर्षीपासून रात्रीचं कीर्तन करणाऱ्याची आणि त्याच्या मृदंगाचार्याची झोपायची सोय त्याच गावात होईल, नाहीतर गाडी मिळेल, हे इथे बसलेल्यांपैकी कोण लिहून देतो? मग गप्प बसून उत्तराची वाट बघ. त्याच्या आईला मात्र लेख छापायच्या आधी स्वतः जाऊन वाचून दाखव. मी गेलो नव्हतो. ती म्हणाली एखादी ओळ काढ, तर ती ओळ काढ, कमिटी म्हणाली तर काढू नकोस.

मजकूर मला आठ दिवसांत पाठव. खाडाखोडीसकट पाठव. कणकेचा डबा त्यात नसला तर मी न वाचता परत पाठवीन.

तुझा,
मास्तर