32 आठवड्यांत जन्मलेलं बाळ 8 महिन्यांचं झालं तरी बसत नाही, काळजीचं आहे का?

आधी वय नीट मोजा. पूर्ण दिवस 40 आठवड्यांचे धरतात. तुमचं बाळ 8 आठवडे लवकर आलं, म्हणून विकासाच्या हिशेबाने ते आत्ता साधारण 6 महिन्यांचं आहे. आधाराशिवाय बसणं 9 महिन्यांपर्यंत आलं तरी चालतं, त्यामुळे एवढ्यावरून घाबरू नका. हे दुरुस्त वय 2 वर्षांपर्यंत धरायचं. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. बऱ्याच घरांत इथेच गोंधळ होतो.

बाळ जागं असताना दिवसातून चार-पाचदा, 5-10 मिनिटं, सतरंजीवर पालथं ठेवा आणि खेळणं हाताच्या जरा पुढे. मान, खांदे, पाठ यानेच बळकट होतात. वॉकर नकोच, त्याने चालणं लवकर येत नाही, पडून डोक्याला मार मात्र लागतो.

मान अजून सावरत नसेल, पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर जात असतील, एक मूठ कायम मिटलेली असेल, आवाजाकडे वळत नसेल किंवा आधी येत असलेली गोष्ट बंद झाली असेल, तर महिनाभर वाट पाहू नका. बालरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा. जिल्हा रुग्णालयातल्या 'डीईआयसी' केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) ही तपासणी मोफत होते.