श्वास मोज, अंदाजाने लिहू नकोस

अगं, वॉर्डातल्या चार्टवर सगळ्यांचाच श्वास मिनिटाला १८ कसा असतो, याचं मला अजून हसू येतं. नवीन असताना मीही तेच लिहायचे. आतडं कापून जोडलेल्या पेशंटच्या बाबतीत मात्र असं करू नकोस. नाडी बघतेस असं दाखवत मनगट धर आणि पूर्ण एक मिनिट छाती-पोट बघ; श्वास मोजताहेत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो.

आतड्याचा जोड गळायला लागला तर ते बहुतेकदा पहिल्या आठवड्यात, तिसऱ्या दिवसानंतर कळतं. पॅरासिटामॉल चालू असेल तर ताप झाकला जातो, बीपी बराच वेळ टिकून राहतं. श्वास बरेचदा त्याआधीच वाढतो. गळतीने जंतुसंसर्ग होऊन रक्तात आम्ल वाढलं की शरीर कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर टाकतं, त्यात पोट दुखतं म्हणून श्वास उथळ.

श्वास काल १६, आज २४, नाडी ११०, पेशंट उगाच बेचैन? ऑक्सिजन ९७ टक्के दिसला तरी डॉक्टरांना लगेच कळव. ‘गॅस झाला असेल’ म्हणून थांबू नकोस. न्यूमोनिया किंवा फुप्फुसातली गुठळीही असू शकते, पण ते ठरवणं त्यांचं काम. रात्री दोनला फोन केला म्हणून ओरडले, तर ओरडू देत.