निंगालूला पहिल्यांदा जाताना

निंगालू, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियातला प्रवाळांचा किनारा, बघायला एप्रिल ठरवलास ते छान केलंस. व्हेल शार्क हे अवाढव्य मासे साधारण मार्च ते जुलैमध्ये दिसतात. पण पर्थहून १,२०० किलोमीटरांवर एक्समाउथ गावी पोचलं की झालं, असं समजू नकोस. पुढे केप रेंज राष्ट्रीय उद्यानात प्यायचं पाणी मिळत नाही, सगळं गावातूनच भरून न्यावं लागतं. मी माणशी दिवसाला पाच लिटर धरतो. तंबूची जागा आधीच बुक कर. अंधार पडल्यावर गाडी चालवू नकोस, कांगारू एकदम आडवे येतात.

उद्यानातल्या टर्क्वॉइज बे या खाडीत पोहणार असशील तर तिथला प्रवाह मात्र नीट समजून घे. दक्षिणेच्या बाजूनं उतरायचं, अंग सैल सोडायचं. पाणीच तुला प्रवाळांवरून उत्तरेकडे नेतं. वाळूचा दांडा यायच्या आत किनारा गाठायचाच, कारण तिथून पाणी प्रवाळातल्या खिंडीतून बाहेर खुल्या समुद्रात ओढलं जातं. मी एका कासवाच्या नादात राहिलो. मान वर काढली तर दांडा अगदी समोर! पायात फिन्स (पोहायचे रबरी पंख) होते म्हणून बाहेर आलो. वारा जोराचा असेल तर उतरूच नकोस.

व्हेल शार्क परवाना असलेल्या बोटीनंच बघ. एका वेळी पाण्यात दहाच जण, अंगापासून तीन मीटर, शेपटीपासून चार मीटर लांब. हात लावायचा नाही. ती ठिपक्याठिपक्यांची रुंद पाठ निळ्यातून वर येते तेव्हा धाप लागतेच. श्वास सावकाश घे आणि कडेनं पोहत राहा.