कार्यशाळा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या मुलाकडे 1/10 मापाची, चारही चाकांना ताकद असलेली रिमोटची गाडी आहे. त्याने पलंगाची जुनी फळी विटांवर टेकवून उडीसाठी रॅम्प केला. गाडी हवेत जाते, पण दर वेळी नाकावर आपटते. पुढचा सस्पेन्शन आर्म (चाक धरणारा दांडा) दोनदा मोडला. फळी आणखी उभी करावी का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, फळी उभी अजिबात करू नका. दुखणं फळीच्या बुडाशी आहे. सपाट जमिनीवरून धावत आलेली गाडी एकदम तिरप्या फळीला धडकते. आधी पुढची स्प्रिंग दबते, पाठोपाठ मागची. फळी आखूड असेल तर मागची स्प्रिंग नेमकी टोकावर सुटते, शेपूट वर फेकते आणि नाक खाली जातं. फळी जितकी उभी, तितका हा झटका मोठा.

यावर उपाय म्हणजे बाक द्यायचा, आणि तोही खूप मोठ्या वर्तुळाचा. मी 10 फूट त्रिज्या धरायला सांगतो. ताशी 20 किमी वेगाने गाडी अशा बाकावरून गेली की तिच्यावर स्वतःच्या वजनाइतकाच जादा भार येतो. हौशी मुलं घसरगुंडीसारखा 3 फूट त्रिज्येचा बाक काढतात. तिथे हाच जादा भार वजनाच्या तिपटीहून जास्त होतो आणि गाडीचं पोट फळीला घासतं.

आखणी जमिनीवर करा. 12 एमएमचा प्लाय आडवा टाका. रॅम्प जिथून सुरू व्हायचा त्या कोपऱ्यावर गुण्या लावून सरळ काटकोनात 10 फुटांवर खिळा ठोका. खिळ्याला बारीक तार बांधून दुसऱ्या टोकाला पेन्सिल अडकवा आणि कंस ओढा. सुतळी नको, ती ताणली जाते. बुडाच्या कडेवर साधारण 3 फूट 5 इंच गेलात की कंस 7 इंच वर आलेला असेल आणि टोकाला 20 अंशांचा कोन मिळेल. एवढी उंची पुरते. मुलगा कुरकुरेल, पण त्याला म्हणावं आधी उडवून बघ.

असे तीन साचे कापा, दोन कडांना आणि एक मधे. पहिल्या फूटभरात कंस जेमतेम अर्धा इंच चढतो, त्यामुळे लाकडाचं ते निमुळतं टोक तुटणारच. साचा तिथून छाटून टाका आणि वरचा पत्रा तसाच पुढे जमिनीपर्यंत येऊ द्या. वरचा पत्रा म्हणजे 6 एमएमचा प्लाय, 2 फूट रुंद. तो 8 बाय 4 च्या शीटमधून आडवा कापून घ्या, म्हणजे शीटची 4 फुटांची बाजू रॅम्पची लांबी होईल. वरच्या थराचे रेषे तेव्हा रॅम्पच्या रुंदीत जातात आणि प्लाय मुकाट्याने वाकतो. उभा कापलात तर तो वाकायला कुरकुर करतो आणि स्क्रू उपटतो. दुकानदार आपल्या सोयीने कापून देतो, म्हणून तिथे उभं राहून सांगा. साच्यांमधे दर सहा इंचांवर आडवी पट्टी हवी. जमिनीला टेकणारी कड रंध्याने उतरती करा.

आता उतरायची जागा. बहुतेक जण सगळी मेहनत चढावर घालतात आणि गाडी सपाट सिमेंटवर पाडतात. आर्म मोडतात ते तिथे. रॅम्पच्या टोकाला लागून 7 इंच उंच, 5 फूट लांब मुरमाचा ओटा करा आणि पुढच्या तीन फुटांत तो उतरता करा. मुरूम ओला करून धुमसाने ठोका, रात्रभर बसू द्या. ताशी 20 किमी वेगाने 20 अंशांत सुटलेली गाडी साधारण 2 मीटर, म्हणजे साडेसहा फूट जाते आणि बरोबर उतारावर टेकते. वेग थोडा कमी पडला तरी ओट्यावरच पडेल. हाच वेग 30 झाला तर उडी साडेचार मीटरची होते. वेग दीडपट, अंतर सव्वादोनपट. तेव्हा आधी वेग जोखा. रॅम्पच्या अलीकडे 18 फुटांच्या अंतराने चुन्याच्या दोन रेघा आखा आणि मोबाइलवर चित्रण करा. तेवढं अंतर गाडीने एका सेकंदात कापलं की ताशी 20 किमी झाले.

राहिला ट्रिगर, म्हणजे रिमोटवरचा वेगाचा खटका. मुलगा रॅम्पच्या टोकावर भीतीने ट्रिगर सोडत असणार. हवेत चाकांचा वेग उतरला की त्यांचं फिरणं गाडीच्या अंगात शिरतं आणि नाक खाली जातं. ब्रेक मारला तर आणखी जोरात. ट्रिगर दाबला की उलट, नाक वर येतं. चारही चाकं चालती असल्यामुळे तुमच्या गाडीत हे चांगलं जाणवेल. टोक पार होईपर्यंत एकसारखा ट्रिगर धरायचा आणि हवेत नाक झुकलं तर हलकासा दाबायचा. मात्र टेकण्याआधी तो सैल करायला हवा. पूर्ण वेगात फिरणारी चाकं जमिनीला भिडली की डिफरन्शियलचे, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचे, दाते जातात. हे हाताला बसायला दोन-तीन रविवार लागतील, लागू देत.

गाडी जोरात आपटली तर तिची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी काढून बघा. फुगलेली किंवा दबलेली दिसली तर ती पुन्हा चार्ज करायची नाही, घरात तर नाहीच.

प्रश्न : रंगवलेल्या रॅम्पवर चाकं घसरतात. काय करावं? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : ऑइलपेंटचा दुसरा हात ओला असताना चाळणीने बारीक, कोरडी वाळू भुरभुरा. दुसऱ्या दिवशी सुटी वाळू झटका आणि वरून पातळ हात द्या. तुमच्याकडच्या पावसासाठी पाण्याला टिकणारा बीडब्ल्यूपी प्लाय घ्या आणि कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात जास्त मारा. पाणी शिरतं ते कडेतून.