दोघंच आहोत, सरकारी फंडिंग मिळेल का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी आणि माझा मित्र नोकरी सांभाळून एक ओपन सोर्स अ‍ॅप चालवतो, दृष्टिहीनांना ऑनलाइन फॉर्म भरता यावेत म्हणून. युरोपियन युनियनच्या होरायझन युरोप या संशोधन निधी योजनेतून पैसे मिळतात असं कळलं म्हणून कॉल, म्हणजे अर्ज मागवणारी जाहिरात, वाचायला घेतला तर तीन वेगळ्या देशांतल्या तीन संस्था हव्यात म्हणे. मग आमचा विषय संपलाच ना? आणि कायद्याच्या मसुद्यावर लोकांची मतं मागवतात, तिथे आपण लिहून काही फरक पडतो का?

उत्तर : अहो, विषय अजिबात संपला नाही. तीन संस्थांची अट मोठ्या कॉलना असते, पण त्याच निधीतला काही भाग एखाद्या संस्थेला देतात आणि ती पुढे छोट्या प्रोजेक्टना वाटते, याला कॅस्केड फंडिंग म्हणतात. नेदरलँड्सची एनएलनेट फाउंडेशन 'एनजीआय झिरो' नावाखाली हेच करत आलीय (एनजीआय म्हणजे 'नेक्स्ट जनरेशन इंटरनेट', युरोपियन युनियनचा उपक्रम), पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला ५ हजार ते ५० हजार युरो, एकटा माणूससुद्धा अर्ज करू शकतो, फॉर्मही छोटासाच. काम खुल्या लायसन्सखाली, म्हणजे कुणालाही वापरता आणि बदलता येईल असं, द्यावं लागतं आणि पैसे टप्पा पूर्ण झाल्यावर मिळतात, त्यामुळे नोकरी इतक्यात सोडू नका. सध्या कुठला कॉल चालू आहे ते आधी बघून घ्या.

अर्ज अडतो तो बजेटपाशी. एका ठिकाणी मी पहिल्या अर्जात 'डेव्हलपमेंट, २५ हजार युरो' अशी एकच ओळ लिहिली होती, थेट नकार आला. पुढच्या वेळी लिहिलं, 'स्क्रीन रीडरला तारखेचा रकाना वाचता येत नाही, तो दुरुस्त करणं, ४० तास', अशा अकरा ओळी (स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर), तेव्हा कुठे समोरून प्रश्न विचारणारा मेल आला.

आता मत मांडायचं. फरक पडतो, आणि मला हे फार मनापासून सांगायचंय. सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट, म्हणजे डिजिटल वस्तू आणि सॉफ्टवेअरच्या सुरक्षिततेचा युरोपियन कायदा, याचा मसुदा सप्टेंबर २०२२ मध्ये आला तेव्हा फुकट कोड लिहिणाऱ्यांवरही कंपनीसारखी जबाबदारी येईल अशी भीती होती, मग मेंटेनर (असे प्रोजेक्ट सांभाळणारे लोक) आणि फाउंडेशन्सनी लिहून लिहून ते लावून धरलं आणि २०२४ च्या अंतिम कायद्यात असे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या संस्थांसाठी 'ओपन सोर्स स्टुअर्ड' हा वेगळा प्रकार आला, जबाबदाऱ्या हलक्या आणि दंड नाही. त्याच वर्षी होरायझनच्या २०२५ च्या कामाच्या मसुद्यात एनजीआयचं नावच दिसेना, तेव्हाही लोकांनी जाहीर पत्र लिहिलं. म्हणजे ज्या निधीसाठी तुम्ही अर्ज करणार तो राहणार की नाही हेसुद्धा अशा मसुद्यांतच ठरतं.

युरोपियन कमिशनच्या 'हॅव युवर से' पोर्टलवर कुणीही लिहू शकतं. नुसतं 'आमचा विरोध आहे' लिहू नका हो, कलमाचा नंबर टाका, त्यामुळे तुम्हा दोघांचे किती तास जातील ते सांगा आणि त्या जागी कुठलं वाक्य हवं तेही लिहून द्या. पब्लिक कन्सल्टेशनला साधारण १२ आठवडे मिळतात, पण कायद्याखाली नंतर काढल्या जाणाऱ्या तपशीलवार नियमांच्या मसुद्याला ४ च, म्हणून पोर्टलवर आजच नोटिफिकेशन लावून ठेवा.