घरात कुणी मारत नाही, मग ही मारायला कुठून शिकली?

"मॅडम, आम्ही तिला कधी बोटही लावलेलं नाही. मग ही मारायला शिकली कुठून?" हे विचारताना सईच्या आईचा आवाज कापत होता. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सई साडेचार वर्षांची. शाळेत शहाणी, बोलायला चुरूचुरू. घरी मात्र मध्येच काहीतरी बिनसायचं आणि आई, बाबा, आजी, जो समोर असेल त्याच्यावर हात उगारायची. समजावून झालं, रागावून झालं, कोपऱ्यात उभं करून झालं.

मी त्यांना पहिल्यांदा हेच सांगितलं की मारायला शिकावं लागत नाही. कॅनडातले संशोधक रिचर्ड ट्रेंब्ले यांनी मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. मारणं, ढकलणं हे साधारण दोन-तीन वर्षांच्या वयात सर्वांत जास्त दिसतं आणि बहुतेक मुलांमध्ये पुढे कमी होत जातं. न मारणं हे मूल शिकतं, तेही हळूहळू. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला विशी उलटते. साडेचार वर्षांच्या मुलीकडून आपण फार लवकर फार मोठी अपेक्षा करतो.

तरीही, सई नेमकी कधी मारते हे कळायला हवं होतं. "कधीही, काही कारण नसताना," असं आई म्हणाली. मी दोघींना ठोकळे दिले आणि बाजूला बसले. सईने मनोरा रचला, सगळ्यात वर मोठा ठोकळा ठेवायला गेली आणि सगळं कोसळलं. आई कौतुकाने हसली. सईने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कान लाल झाले, मान खाली गेली आणि दुसऱ्या क्षणी हातातला ठोकळा आईच्या दिशेने भिरकावला गेला.

मान खाली गेली तो क्षण फार छोटा होता आणि माझ्या मते सगळं त्यातच होतं. सई आधी ओशाळली होती. राग नंतर आला. घरातले प्रसंग आठवून पाहिल्यावर आईलाही ते दिसू लागलं. बोबडा उच्चार, उलटा घातलेला फ्रॉक, पाहुण्यांसमोर विसरलेली कविता: प्रत्येक वेळी कुणीतरी प्रेमानेच हसलं होतं. लाज, ओशाळणं या भावना मुलांमध्ये तीन वर्षांच्या आतच दिसू लागतात, पण त्या सांगायला त्यांच्याकडे शब्द नसतात. मोठी माणसंही त्यांना फक्त रागाबद्दलच विचारतात, कारण दिसतो तेवढा रागच.

मग काय करायचं? हात उगारला की तो हळूच पण घट्ट धरायचा आणि एवढंच म्हणायचं, "मी मारू देणार नाही. मी इथेच आहे." बस्स. त्या वेळी उपदेश नको, "का केलंस?" नको, "सॉरी म्हण" तर नकोच. भडकलेल्या मुलाच्या कानावर शब्द पडतात, आत पोचत नाहीत. आपला आवाज आणि श्वास संथ ठेवला की त्याचंही शरीर हळूहळू निवतं.

बोलायचं ते नंतर, मांडीवर घेऊन. "सगळे हसले तेव्हा तुला कसंतरीच झालं का गं? पळून जावंसं वाटलं?" भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या धोक्याची सूचना देणाऱ्या भागाची खळबळ कमी होते, असं 2007 मध्ये मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं. तो अभ्यास मोठ्यांवरचा होता. मुलांच्या बाबतीत मी माझ्या अनुभवावरून एवढंच जोडेन की शब्द अंदाजाने द्यावा, शिक्का मारू नये. सई एकदा ठामपणे म्हणाली, "नाही, मला रडू येत होतं." तिने आपल्याला दुरुस्त करावं यापेक्षा चांगलं काय!

लांब श्वास सोडण्याचा सराव आम्ही पीस फुंकण्याच्या खेळातून घेतला, तोही ती मजेत असताना. ऐन रागात नवं काही शिकवता येत नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते घरच्यांना. "आता पोरीच्या गमतीवर हसायचंही नाही का?" असं आजींनी विचारलं. त्यांचं दुखणं खरं होतं. मी म्हटलं, "आजी, ती हसली की भरपूर हसा. ती हसत नसेल तर थांबा." आजींना ते पटलं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त बदल त्यांनीच घडवला.

सईचा हात अजूनही कधीकधी उठतो. पण मध्ये एकदा ती आईला म्हणाली, "हसू नकोस, मला नाही आवडत." आईने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तिला रडू आवरत नव्हतं.

मूल स्वतःला इजा करत असेल, रोज बराच वेळ शांतच होत नसेल, बोलणं उशिरा येत असेल किंवा शाळेतही तेच घडत असेल, तर मात्र घरच्या उपायांवर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना आणि बालमानसतज्ज्ञांना दाखवा.